हंडेवाली आली होती

सांगली
रविवार, रात्री

प्रिय उमे,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. तुझ्या लांबलचक मेसेजला मी नुसता अंगठा पाठवला, दिवाळीत 'नंतर करते' म्हणाले आणि ते नंतर काही उगवलं नाही. तब्येत ठीक. थायरॉईडची गोळी चालू आहे, गुडघा पावसात कुरकुरतो. तुझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू झाला ना? छान.

तर, हंडेवाली आली होती.

तीच, 2012 च्या आपल्या केसमधली सासू, सुनेच्या पितळी हंड्यासाठी टेम्पोमागे धावलेली. पोलिसांकडच्या आपल्या महिला सेलच्या दारात उभी राहून आत कोण बसलंय ते निरखत होती. मी लगेच ओळखलं. तिने मला ओळखलं नाही, माझे केस आता सगळे पांढरे आणि तिची नजर अधू. मला वाटलं, दुसरी सून आली असेल आणि ही तिच्याविरुद्ध अर्ज घेऊन आली असेल. खुर्चीत बसली, पाणी प्याली, कोपरापर्यंतची बाही वर सरकवली. दंडावर बोटांचे वळ होते, हिरवे-पिवळे, म्हणजे चार-पाच दिवसांचे तरी. "मुलगा," म्हणाली. बस, एवढंच.

मग हळूहळू निघालं. दुसरी सून आलीच नाही. नवरा गेल्यावर घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करून दिलं, पेन्शनचं एटीएम कार्डही त्याच्याकडेच. मी तिला सांगितलं की 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त सुनांचा नाही, आईसुद्धा मुलाविरुद्ध अर्ज करू शकते. घरात राहण्याचा हक्क मागता येतो, संरक्षण आदेश मागता येतो, आणि तो त्याने मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. शिवाय प्रांताकडे ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली जाता येतं. बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट असेल तर ते रद्दही होऊ शकतं. सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "ते आदेश-बिदेश नको. साहेबांकडून नुसता दम द्या. आत टाकू नका, त्याला सकाळी डबा लागतो."

शेजारच्या टेबलावरची नवीन कॉन्स्टेबल फिसकन हसली. तिला नंतर बाहेर नेऊन झापलं. पोरगी वाईट नाही गं. परवा नव्या बॅचसमोर मी आपलं नेहमीचं भाषण ठोकत होते, 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा इन्स्टिट्यूटने पहिला सेल सुरू केला वगैरे, तर हिने विचारलं, "मॅडम, तेव्हा मोबाईल नव्हते तर बायका पुरावा कसा द्यायच्या?" तू असतीस तर टेबलाखाली गेली असतीस. आणि हो, जुलै 2024 पासून सासरच्या छळाचं कलम 498 अ गेलं, आता न्याय संहितेचं 85 आहे, पण बायका अजून "मला चारशे अठ्ठ्याण्णव करायचीय" म्हणतच येतात आणि जुने हवालदारही तेच लिहायला घेतात.

मुद्द्यावर येते. सगळं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून तिने विचारलं, "तेव्हाचा तो कागद अजून असतो का हो कोर्टात?"

2012 मध्ये सुनेच्या केसमध्ये तिने दिलेलं लेखी म्हणणं. 'माझा मुलगा निर्व्यसनी असून त्याने आजवर घरातल्या कोणत्याही स्त्रीवर हात उचललेला नाही.' खाली सही, ठळक. म्हणजे तिला पाठ आहे, उमे. उद्या तिने अर्ज केला की मुलाचा वकील पहिल्याच उलटतपासणीत तो कागद तिच्या नाकासमोर धरणार. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे (हसू नकोस), आणि तोवर तिने राहायचं त्याच घरात. निवारागृहाचं नाव काढलं तर म्हणाली, "माझं घर सोडून मी कशाला जाऊ?" हे वाक्य आपण किती जणींना पढवलंय! कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि एक साडी शेजारणीकडे ठेवायला मात्र लावलं.

तिला वाटतं, सुनेने येऊन सांगावं. "त्याचा हात कसा पडतो ते तिलाच माहितीय." नंबर मागत होती. अर्थातच दिला नाही. पण सुनेला फोन करून 'अशी अशी विचारणा आहे' एवढं तरी सांगावं का? ती आता सुखात आहे, शिलाईचं दुकान टाकलंय, माझा नंबर दिसला तरी तिच्या पोटात गोळा येईल. ज्या बाईने तिच्या तोंडावर 'नाटकं करते' म्हटलं, तिच्यासाठी? मला विचारशील तर, नको. रात्री मात्र झोप येत नाही, म्हणजे माझंही नक्की नाही.

मग मी जुनी फाइल काढली. स्त्रीधनाची यादी, पितळी हंडा, त्यावर सुनेचं नाव घातलेलं असूनही त्या टेम्पोमागे धावलेली ही बाई, सगळं आठवलं. आणि यादीच्या समासात तुझं अक्षर: 'सासू, डावं मनगट सुजलेलं. विचारणे.'

त्या दिवशी तू तिच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायलीस. परतताना जीपमध्ये आपण त्यावरून भांडलो, हवालदार कदम बिचारे सांगलीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. समोरच्या पार्टीचा चहा पिऊ नये, हे मी अजूनही म्हणते आणि मरेपर्यंत म्हणेन. पण आत काय बोलणं झालं? तिने मनगटाचं काही सांगितलं होतं का? कारण डीआयआर, म्हणजे घरगुती हिंसेचा अहवाल, भरताना आधीच्या हिंसेचा तपशील हवा, आणि ती मला सांगत नाही. म्हणते, "त्या उंच बाई कुठायत? त्यांना माहितीय. मी त्यांच्याशीच बोलेन."

त्या फेब्रुवारीनंतर तू हे काम सोडलंस. परत कधी केसचं नाव काढायचं नाही, असं मीच तुला वचन दिलं होतं. इतके दिवस पत्र न लिहिण्याचं खरं कारण हेच, आता कळलं असेल. तुला सांगलीला ये म्हणत नाही. फोनवर पाच मिनिटं. तिच्याशी नको वाटलं तर निदान माझ्याशी.

अथर्वची दहावी ना यंदा? क्लास कुठला लावला? नव्या फ्लॅटचे फोटो पाहिले, ओट्याचा रंग आवडला नाही, बाकी मस्त. पगारवाढ झाली का ते लिही, मला मत्सर वाटायला काहीतरी हवं.

गुरुवारी अकराला ती परत येणार आहे, मुलगा कामावर गेला की. मी बुधवारी रात्री फोन करते. उचलला नाहीस तर समजून घेईन असं लिहायला हवं, पण मी रागावेन.

तुझी,
शैला