यान भरकटले तर?

'गगनयान'च्या बातम्यांत सगळा भर उड्डाणावर. उतरण्याबद्दल जेमतेम दोन ओळी. एप्रिल २००८ मध्ये रशियाच्या सोयुझ टीएमए-११ या अंतराळयानाचा यंत्रकक्ष (उतरताना वेगळा व्हायचा भाग) वेळेवर सुटलाच नाही. यान तिरपे तरंगत येण्याऐवजी दगडासारखे खाली आले आणि ठरल्या जागेपासून ४०० हून अधिक किलोमीटर अलीकडे, कझाकस्तानच्या माळरानावर आदळले. आतल्या तिघांवर गुरुत्वाकर्षणाच्या ८ पट भार पडला. आधीच्याच सोयुझचेही ऑक्टोबर २००७ मध्ये असेच झाले होते! (रशियन अंतराळ संस्थेच्या प्रमुखांना मात्र यानात पुरुषांपेक्षा बायका जास्त असल्याचा अपशकुन आठवला.) आपले यान समुद्रात उतरणार आहे. ते इतकेच भरकटले, तर नौदलाची जहाजे किती तासांत पोहोचतील, हे इस्रोने सांगावे.

– एक वाचक, नाशिक