खुले पत्र : लॅपटॉप आमचा, ताबा शाळेचा, आणि नुकसान पुन्हा आमचेच

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

विद्यार्थ्यांनी स्वतःचे उपकरण वर्गात आणण्याचे धोरण जाहीर करताना आपण दोन गोष्टींची ग्वाही दिली होती. कोणत्याही पालकावर सक्ती होणार नाही, ही पहिली. आणि ज्या मुलाकडे उपकरण नसेल त्याला शाळा ते पुरवील, ही दुसरी. त्या ग्वाहीचे पुढे काय झाले हे आपल्यापर्यंत पोहोचले नसावे, असे गृहीत धरून मी हे पत्र नम्रपणे लिहायला घेतले आहे. हा नम्रपणा शेवटपर्यंत टिकेलच असे नाही, कारण माझ्या लॅपटॉपवरचे सगळे काम गेल्या आठवड्यात पुसले गेले आणि ते माझ्या मुलीच्या शाळेने पुसले.

आमच्या घरात लॅपटॉप एकच आहे. दिवसा तो मुलीच्या दप्तरातून शाळेत जातो आणि रात्री मी त्यावर लोकांच्या हिशेबाची कामे करतो. वर्गात येणाऱ्या प्रत्येक उपकरणावर शाळेचे नियंत्रण-सॉफ्टवेअर असलेच पाहिजे, अशी अट वर्षाच्या सुरुवातीलाच घालण्यात आली. परीक्षेच्या वेळी इतर संकेतस्थळे बंद ठेवावी लागतात, हे मला समजते. परंतु अशा सॉफ्टवेअरला पूर्ण अधिकार दिले, की ते दुरूनच उपकरण कुलूपबंद करू शकते आणि त्यावरील सारी माहिती पुसूही शकते. एखाद्या कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला लॅपटॉप चोरीला गेला, तर ही सोय फार उपयोगी पडते. पण तिथे लॅपटॉप कंपनीचा असतो. मुलीची तुकडी बदलली, जुन्या यादीतून तिचे नाव काढताना कोणीतरी भलताच पर्याय निवडला आणि संध्याकाळी घरी आलेला लॅपटॉप नुकताच खोक्यातून काढल्यासारखा कोरा होता.

शाळेने मला हमीपत्रातील कलम दाखवले. उपकरणाची हानी, चोरी किंवा माहितीचा नाश यांस शाळा जबाबदार राहणार नाही, असे त्यात लिहिले आहे. सही करण्यापूर्वी मी ते कलम वाचले होते आणि त्यावर लेखी आक्षेपही घेतला होता. सही नसेल तर मुलीला त्या तासांना ग्रंथालयात बसावे लागेल, असे उत्तर मिळाले. आपल्या विभागाच्या शब्दकोशात याला सक्ती म्हणत नसावेत. माहितीची दुसरी प्रत ठेवायला हवी होती, असा सल्लाही मला अगत्याने देण्यात आला. मुलीला शाळेत पाठवण्यापूर्वी बापाने आपल्या उपजीविकेची प्रत काढून ठेवावी, ही सूचना मात्र एकाही परिपत्रकात नव्हती.

तेव्हापासून मी रात्री जागून कागदी पावत्यांवरून नोंदी पुन्हा भरतो आहे. ज्यांच्या पावत्या मी परत दिल्या होत्या, त्यांच्याकडे त्या पुन्हा मागताना काय वाटते हे आपल्याला सांगून उपयोग नाही. दोघांनी काम काढून घेतले. त्यांना दोष देता येत नाही. सर्वांत वाईट हे, की सगळे आपल्यामुळे झाले असे मुलीला वाटते. तिने काहीही केलेले नाही. तिच्या हातातल्या वस्तूवर तिचा किंवा माझा अधिकारच उरलेला नव्हता. मंत्रिमहोदय, लॅपटॉपची मालकी आमची, त्यावरचा ताबा आपल्या शाळेचा आणि बिघडले की जबाबदारी पुन्हा आमची, अशी ही व्यवस्था आहे. असा करार आपण स्वतःच्या घरासाठी केला असता का?

माझ्या मुलीकडे निदान लॅपटॉप तरी होता. शाळेने ज्यांना उपकरण पुरवायचे होते, ती मुले शेजारच्या मुलाच्या पडद्यात डोकावून शिकत आहेत. शाळेत ठेवलेले मोजके टॅब इतके जुने आहेत, की परीक्षेचे सॉफ्टवेअर त्यांवर उघडतच नाही. कोणाचा फोन, कोणाचा टॅब, कोणाच्या आईचा ऑफिसचा लॅपटॉप. कोणाची बॅटरी संपलेली, कोणाचे अपडेट अर्धवट, कोणाला वायफायच मिळत नाही. मुलीच्या अंदाजाने ४५ मिनिटांच्या तासातील पहिली दहा मिनिटे यातच जातात. म्हणजे अशा तासांचा जवळजवळ चौथा हिस्सा वाया जातो. हा हिशेब चुकत असेल, तर विभागाने खरा आकडा प्रसिद्ध करावा; मी आनंदाने माझा मागे घेईन. शिक्षकांना मी बोल लावणार नाही. त्यांना विषय शिकवायचा आहे, तंत्रज्ञाचे काम त्यांच्या गळ्यात आपण मारले आहे.

धोरण जाहीर करताना आपण ‘प्रगत देशांचा’ दाखला दिला होता, तेव्हा तोही पाहू. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून माध्यमिक शाळेच्या खालच्या टप्प्यापर्यंत मोबाइलवर बंदी घातली. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये शाळांतील मोबाइलबंदी उठवली; दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच राज्याने सर्व सरकारी शाळांत दिवसभराची बंदी आणली. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक देशांत होणाऱ्या पिसा चाचणीत २०२२ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतील सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले, की गणिताच्या निदान काही तासांना तरी स्वतःच्या उपकरणामुळे त्यांचे लक्ष विचलित होते; इतरांच्या उपकरणांमुळे लक्ष उडते असे ५९ टक्क्यांनी सांगितले. म्हणजे ज्याच्याकडे उपकरण नाही, त्याला उपकरणाचा लाभ नाही आणि त्रास मात्र आहे. आपल्याला दाखलाच हवा असेल तर उरुग्वेचा घ्यावा. त्या लहानशा देशाने २००७ पासून सरकारी प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला सरकारी खर्चाने लॅपटॉप दिला. त्याने मुलांचे गणित सुधारले की नाही यावर वाद आहे, पण पैसे कोणी भरायचे यावर तिथे वाद नव्हता.

आणि हे सॉफ्टवेअर गोळा काय करते, हे कोणी तपासले आहे काय? ह्युमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०२२ मध्ये सरकारांनी महामारीच्या काळात शिफारस केलेल्या १६३ शैक्षणिक ॲप व संकेतस्थळांची तपासणी केली. त्यांपैकी १४५ मध्ये मुलांच्या हक्कांना बाधा आणू शकेल अशा रीतीने माहिती हाताळली जात असल्याचे आढळले. माझ्या लॅपटॉपवर तर माझ्या ग्राहकांची माहितीही होती. ती पुसण्यापूर्वी कोणी पाहिली का, हा प्रश्न मी शाळेला विचारला, शाळेने पुरवठादाराकडे बोट दाखवले आणि पुरवठादाराने शाळेकडे.

हे असेच चालते, महोदय. शाळेला संगणक हवेत हे सरकारने मान्य केले. त्यांना पैसे लागतात हे कळल्यावर पालकांना सहभागी करून घेण्याची कल्पना सुचली. इमारत आणि शिक्षक यांच्या बाबतीत ही कल्पना कधी सुचेल, याची मी वाट पाहतो आहे. अंदाजपत्रकात ज्याची तरतूद नाही ते घराघरांतून गोळा करायचे, मोडले तर घराघरांत परत पाठवायचे आणि वर्षअखेरीस इतके वर्ग डिजिटल झाले असा आकडा जाहीर करायचा. त्या आकड्यात माझा लॅपटॉपही धरलेला असणार.

मागण्या थोड्याच आहेत. पालकांच्या उपकरणावर माहिती पुसण्याचा अधिकार शाळेने घेऊ नये. हमीपत्राचे ते कलम रद्द करावे आणि शाळेच्या हातून झालेल्या नुकसानीची भरपाई शाळेने करावी. ज्या तासाला उपकरण आवश्यक आहे, त्या तासाला ते शाळेनेच सर्वांना द्यावे. देता येत नसेल तर तो तास पुस्तकावर घ्यावा.

यावर लेखी उत्तर मिळेपर्यंत माझी मुलगी वह्या-पुस्तके घेऊन शाळेत जाईल. तिला वर्गाबाहेर बसवायचे असेल, तर तसा आदेश कोणाच्या सहीने निघतो तेवढे मला कळवावे.

आपला,
एक पालक