गड बघतो, कागद कधी बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातले ११ किल्ले आणि तामिळनाडूतला जिंजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, खूप आनंद झाला. सुट्टीच्या दिवशी रायगड, लोहगडावर पाय ठेवायला जागा नसते, एवढी तरुण पोरं गडावर जातात ही मोठी गोष्ट आहे. पण वर गेल्यावर बुरूज, टाकी, दरवाजे बघायचे, फोटो काढायचे आणि खाली उतरायचं, बस्स. तिथली माणसं राहायची कशी, दाणागोटा कुठून यायचा, हिशेब कोण ठेवायचं, हे सगळं कागदांत आहे आणि ते कागद आहेत मोडीत, म्हणजे पूर्वी मराठी ज्या लिपीत लिहायचे त्या लिपीत.

चिपळूणच्या छावणीतल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, म्हणजे अधिकाऱ्यांना, शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र बघा. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर अगदी घरातल्या मोठ्या माणसासारखं सांगितलंय की रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवेल, गवताला आग लागेल. हे वाचलं की राज्य कसं चालायचं ते कळतं, नुसता बुरूज बघून नाही कळत.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, असे कागद रुमालांत बांधून ठेवलेत, कोट्यवधी. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक ४५ खंडांत छापले तरी ते थोडेच, बाकीचे वाचणारी माणसं कुठून आणायची? मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांसाठी किती धावाधाव झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. आणि मोडी काही फार जुनी गोष्ट नाही हो, आपल्या आजोबा-पणजोबांच्या सह्या मोडीत आहेत.

माझी सरकारला विनंती आहे की किल्ल्यांसाठी जो निधी येईल त्यातला थोडा कागदांच्या स्कॅनिंगला आणि मोडी वाचकांच्या कायम नोकऱ्यांना द्या, तात्पुरत्या मानधनावर कोण आयुष्य घालवणार. प्रत्येक गडाच्या पायथ्याशी त्या गडाबद्दलचं एक तरी अस्सल पत्र, शेजारी देवनागरी वाचन, असं लावा. कॉलेजात मोडीचे वर्ग सुरू करा, पोरं नक्की येतील. आणि ज्यांच्या घरी ट्रंकेत जुने कागद आहेत त्यांनी कृपा करून ते रद्दीत घालू नका, आधी एखाद्या जाणकाराला दाखवा.

– एक वाचक, सातारा