सूचना : लिंबू-कढीपत्त्यावर फवारणी नको

मंडळी, पावसाने उघडीप दिली की सगळ्यांचे फवारणी पंप बाहेर निघतात, म्हणून आजच सांगते. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काळं-पांढरं काही दिसलं, तर कृपया झटकू नका. ती फुलपाखराची अळी असू शकते. पुढे ती हिरवीगार होते, डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढते. २०१५ साली आपलं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबूवर्गीय झाडांवर वाढतं. चार पानं खाल्ली तर खाऊ द्या, झाड पुन्हा फुटतं. निंबोळी अर्कसुद्धा या दोन झाडांवर नको. मावा म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, त्यांना पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. रविवारी पेंटास या फुलझाडाच्या फांद्या लावायला आणतेय, फुलपाखरं त्यावर तुटून पडतात. ज्यांना हव्यात त्यांनी शनिवारपर्यंत कळवा.