टोळीच्या गावाहून आई-बाबांना

आष्टी, जि. बीड

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "कार्यक्रम प्रमुख म्हणजे आता तू नक्की करतेस काय?" आणि मागून आईचा आवाज आला, "पगार वाढला का ते विचारा आधी." पगार वाढलाय, आई. फार नाही. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर बाबा अंगठा पाठवून मोकळे झाले असते.

आतापर्यंत संस्थेत माझ्याकडे फक्त ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वसतिगृहांचं काम होतं. आता आरोग्य, बचत गट आणि वसतिगृहं तिन्ही माझ्याकडे आली. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा आमचा पट्टा. कोणत्या गावात जायचं, कुठल्या कामाला किती पैसा, कोण माणूस कुठे, हे विश्वस्तांपुढे मांडायचं आणि मंजूर झालं की निस्तरायचं. पण खरं सांगायचं तर या पदावर जास्तीत जास्त वेळ 'हे आपण करायचं नाही' असं सांगण्यात जातो. चांगल्या माणसांना, चांगल्या कामाबद्दल, चहा पिता पिता नाही म्हणायचं. आईला हे जमलं असतं. बाबांना नसतं जमलं.

बाबा, तुम्ही उभा जन्म साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात काढला. दसरा झाला की ऊस तोडायला 'बीडच्या टोळ्या आल्या' हे वाक्य आपल्या घरात पाऊस आला म्हणावं तसं यायचं. आई ताक द्यायची, जुने कपडे द्यायची. मी त्या मुलांना पाचटावर खेळताना बघितलंय, पण ती कुठून येतात आणि पाडव्यानंतर कुठे जातात, हे आपल्याकडे कुणी विचारल्याचं आठवत नाही. मी आता जिथून टोळ्या निघतात तिथे बसले आहे. इथून बघितलं की तुमच्या रजिस्टरमधले आकडे वेगळे दिसतात.

हिशेब तुमच्या आवडीचा आहे, म्हणून मांडते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साडेतीनशेच्या वर गेला. चांगली गोष्ट झाली. आता एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, लाखाची उचल धरा, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. ती फेडायला पावणेतीनशे टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरून द्यावा लागतो. रोज दोन टन निघाला तरी साडेचार महिने. त्यात आजारपण नाही, पाऊस नाही, गाडी रिकामी यायला उशीर नाही. आणि हंगाम किती चालतो ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर जोडी फिटून परत येते, नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत धरली जाते. मग कोयता सोडायचा म्हटलं तरी मुकादम सोडत नाही.

बायकांचं तर याहून वाईट. एक दिवस पडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, अंगावरून जाणं, सगळं पुढे ढकलत शेवटी गर्भाशयाची पिशवी काढून टाकायची. २०१९ मध्ये यावर बराच गवगवा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८०० हून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी परवानगी घ्यावी लागू लागली. आमचं आरोग्याचं काम यातूनच ठरलं. पूर्वी वर्षातून एक मोठं शिबिर व्हायचं: मांडव, पाहुणे, बीपी तपासणी, गोळ्या. मी ते बंद करायचं सुचवलं तेव्हा बैठकीत दोघं विश्वस्त नाराज झाले. त्यांचंही चूक नव्हतं, त्या दिवशी गर्दी होते आणि लोकांना बरं वाटतं. पण अंगावरून जाणारी बाई मांडवात शंभर माणसांत काय सांगणार? आता आमच्या गावातल्याच सेविका जून ते सप्टेंबर घरोघरी जातात, आशाताईंबरोबर यादी करतात, आणि टोळी निघायच्या आधी जिला डॉक्टरांना दाखवायला हवं तिला दाखवून आणतात. गरोदर बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून देतात, कारण कार्ड खोपीत भिजतं.

हे काही आमचं डोकं नाही. शेजारीच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, आणि ज्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. आरोळ्यांकडे लोकांनी आधी दवाखाना मागितलाच नव्हता. दुष्काळ होता, पाणी आणि पोरांना खायला मागितलं होतं, म्हणून त्यांनी आधी ते केलं. नवीन मुलं नोकरीला लागली की मी हे आवर्जून सांगते. कारण समाजकार्याची पदवी, एमएसडब्ल्यू, करून आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात गावाला काय हवं ते कळलेलं असतं!

आणि आता ज्यासाठी माझी झोप उडते ते. सरकारचं आणि कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. शाळेचं जून ते एप्रिल. टोळीचं दसरा ते पाडवा. मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, २०१४ पासून तसा कायदा लागू आहे. त्या पैशावर आमच्यासारख्या संस्थांचं बरंच चालतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण फोन येतो फेब्रुवारीत. "मॅडम, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवता येईल असं काही आहे का?" फेब्रुवारीत इथल्या गावात म्हातारी माणसं आणि कुत्री असतात. ज्यांच्यासाठी पैसा आहे ती माणसं तुमच्याकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडात. मग अशा गावात काय खर्च होईल? दप्तरं वाटा, शाळेला रंग द्या, फलक लावा. यंदा एका कंपनीला मी दप्तरांना नाही म्हटलं आणि त्याऐवजी तीन वर्षांच्या कामाचा करार मागितला. कायद्यात अशा लांबणाऱ्या प्रकल्पाची सोय आहे, फक्त कुणी मागत नाही. ते गेले. त्यांची दप्तरं दुसरीकडे वाटली गेली आणि पेपरात फोटोही आला. आमच्या हिशेबनीस काकांनी तो फोटो कापून माझ्या टेबलावर ठेवला होता, काही न बोलता. दुसऱ्या एका कंपनीने मात्र करार केला. तो त्या काकांच्या टेबलावर मीही ठेवला.

करार कशासाठी केला ते सांगते. हंगामात मुलं गावातच राहावीत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. नाव वसतिगृह, पण बऱ्याच गावांत प्रत्यक्षात दोन वेळचं जेवण असतं आणि मुलं झोपायला घरी, आजी-आजोबांकडे. आम्ही त्यात भर घालायचो, दूध, अंडी, संध्याकाळचा अभ्यास. मागच्या श्रावणात एका वस्तीवर मारुतीच्या पारावर बैठक लावली होती. मी तक्ता वगैरे घेऊन गेलेले. सगळ्या माना डोलावत होत्या. कडेला एक आजी शेंगा फोडत बसली होती, मांडीवर नातू. ती शेंगा फोडता फोडताच म्हणाली, "बाई, अंडं नको बघ आमाला. पोरांचं मी बघते. पर पोरगी बारा वर्साची झाली, तिला कशी ठिवू? मला रातचं दिसत न्हाई. मंग तिची आई नेती तिला संगं, न्हाईतर उजवून टाकत्यात." नंतर तिने शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि उठून गेली. बैठक तिथेच संपल्यासारखी झाली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा आकडा आमच्या प्रत्येक प्रस्तावात पहिल्या पानावर असतो. त्याच्यावर उपाय म्हणून आम्ही काय लिहायचो? जनजागृती, पथनाट्य, भिंतीवर घोषणा. आजीला मुलीचं वय कळत नव्हतं असं थोडंच होतं? तिला रात्रीची धास्ती होती. म्हणून यंदा आम्ही पथनाट्याचा पैसा काढून घेतला आणि निवडक गावांत मोठ्या मुलींसाठी मुक्कामाची खोली, शौचालय, आतून कडी, दिवा, आणि गावातलीच एक बाई रात्री सोबतीला, असं धरलं. तिला मानधन. कंपनीच्या बैठकीत एका मुलाने विचारलं, बाई तिथे नुसती झोपणार, तर तिच्या कामाचं मोजमाप कसं करायचं? मी म्हटलं, दिवाळीनंतर वर्गात आणि एप्रिलच्या परीक्षेला किती मुली बसल्या ते मोजा. ते त्याला पटलं. तो पोरगा हुशार आहे, पुढे उपयोगी पडेल.

गावं मात्र कमी करावी लागली. तेवढ्याच पैशात जास्त गावांत थोडं थोडं करता आलं असतं आणि अहवालात आकडा मोठा दिसला असता. जी गावं सोडली तिथले सरपंच अजून फोन उचलत नाहीत माझा. हे या कामातलं सगळ्यात कडू. त्या गावांतही मुली आहेत.

आत्या म्हणाल्या होत्या ना दिवाळीत, समाजसेवेला पगार कसला म्हणून? आई, तू गप्प बसलीस, मला कळलं का ते. पण बाबांचा कारखाना सभासदांचा होता, तरी बाबांनी पगार घेतलाच की. देणगीचा पैसा आहे म्हणूनच त्याला पूर्ण वेळ राखणारी माणसं लागतात. परदेशी देणगीतून तर प्रशासनावर आता २० टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही, २०२० च्या आधी ५० टक्के चालायचं. लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज, उपयोगिता प्रमाणपत्रं, हे सगळं करणारी माणसं फुकट राबवली तर ती दोन वर्षांत जातात आणि मागे राहतो तो घोळ. आत्यांना हे सांगायची गरज नाही. तुला माहीत असावं एवढंच. आणि हो, स्थळांचं आपण समोरासमोर बोलू.

आता बाबांशी काम आहे. सगळीच मुलं मागे राहत नाहीत. जी जातात, त्यांना कारखान्याजवळच्या शाळेत बसवता यावं म्हणून आम्ही कुटुंबं शोधतो. मुकादमाचा नंबर बंद असतो. उतरले एका गावात म्हणून सांगतात, टोळी हललेली असते दुसऱ्या शिवारात. परवा तुमचं ते जुनं बोलणं आठवलं, की साहेबाला नसतं माहीत, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला माहीत असतं कुठली टोळी आज कुणाच्या फडात. आम्ही इतकी वर्षं कारखान्याच्या ऑफिसात अर्ज देत फिरलो, चिटबॉयला कुणी विचारलंच नाही! तोडणी-वाहतुकीचा करार कधी होतो, वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात काय लिहिलेलं असतं, टोळी रजिस्टरला कोणते रकाने असतात, ऊस तोडायच्या क्रमपाळीप्रमाणे टोळी पुढे कुठे जाणार हे आधी किती दिवस कळतं, हे आमच्या पोरांना कुणीतरी बसवून शिकवायला हवं. पुस्तकात हे नाही. तुमच्या डोक्यात आहे.

तेव्हा आजोबांची तिथ झाली की दोघंही या. दसऱ्याच्या आधी माणसं गावात असतात, दसऱ्यानंतर कुणी भेटायचं नाही. बाबांनी दोन दिवस आमच्या टीमला शिकवायचं, मानधन मिळणार नाही, जेवण मिळेल. आईने माझ्याबरोबर वस्तीवर यायचं. त्या आजीला तू आवडशील, आणि तिच्याकडून जे मला काढून घेता येत नाही ते तुला ती आपणहून सांगेल. कपडे आणू नकोस, खरंच. आणायचंच तर तुझ्या हातचं मेतकूट आण, ऑफिसातल्या मुलींनी सांगितलंय.

पुण्याला गाडी बदलून बीडच्या एसटीत बसा, नगरवरून आष्टीला उतरवते. आईला महिलांचं अर्धं तिकीट लागेल, बाबांना ज्येष्ठांचं. बाबा, आधार कार्ड खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. मागच्या वेळी कंडक्टरशी झालेलं भांडण आईने मला सगळं सांगितलंय.

तुमची,
ताई