मनूच्या पॅचबद्दल

स्टॉकहोम

तीर्थरूप दादा व सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

मनूची महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद होती म्हणून लहानपणी ऑपरेशन करून तिला लावलेला पॅच इतक्या वर्षांनी फाटेल का, असं वहिनींनी विचारलं होतं. तो डेक्रॉनचा, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडाचा आहे, आणि ते कापड सहसा टिकतं. जपायची ती त्याच्या समोरची भिंत, म्हणजे मनूची स्वतःची महाधमनी.

निरोगी महाधमनी प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते आणि परत आकसते. डेक्रॉन जवळपास ताणलं जातच नाही. बनियनला कॅनव्हासचं ठिगळ लावलं की सगळी ओढ शेजारच्या कापडावर येते, तसंच इथे होतं. आणि हे दिवसाला सुमारे एक लाख वेळा. त्यात मनूच्या ऑपरेशन नोटमध्ये ‘आतली कड काढली’ असं लिहिलंय. अरुंद जागी आत जी कड असते ती कापताना भिंतीचा आतला थर जातो, कधी मधल्या थराचाही काही भाग. म्हणजे जिथे जास्त भार, तिथेच भिंत पातळ. दाब किंवा त्रिज्या वाढली की भिंतीतला ताण वाढतो, जाडी घटली तरी वाढतो. म्हणून भिंतीला फुगवटा एकदा सुरू झाला की स्वतःच स्वतःला वाढवतो, आणि बीपी जास्त असेल तर लवकर.

इथेच स्टॉकहोमला 1944 मध्ये सर्जन क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी अरुंद भाग कापून दोन्ही टोकं थेट जोडली होती. त्यात असा ताठ तुकडा नसतो. पॅच नंतर आला, कारण टोकं ओढून आणावी लागत नाहीत आणि जागा रुंद मिळते. तेव्हाच्या डॉक्टरांना दोष देऊ नका.

लहानपणी लावलेला पॅच मुलीबरोबर वाढत नाही, त्यामुळे त्याच्या टोकांपाशी पुन्हा अरुंदही होऊ शकतं. म्हणून बीपी उजव्या दंडावरच घ्या, पाच मिनिटं शांत बसवून. एकदा डॉक्टरांकडून झोपवून हाताचं आणि पायाचंही घ्या. एरवी पायाचं थोडं जास्तच असतं. हाताचं पायापेक्षा 20 मिलिमीटरनं किंवा त्याहून जास्त भरलं, तर अडथळा शोधायला हवा.

फुगवटा वर्षानुवर्षं काहीच त्रास देत नाही. ‘इको नॉर्मल आहे’ यावर थांबू नका. मोठ्या माणसात छातीतला हा भाग इकोत नीट दिसत नाही. एमआरआयच करा, सीटीचं रेडिएशन तरुण मुलीला पुन्हा पुन्हा नको. डेक्रॉनमुळे एमआरआयला अडचण येत नाही, तरी ऑपरेशनची नोट तंत्रज्ञाला दाखवा. पॅचच्या पातळीवरचा आणि छाती-पोटामधल्या पडद्याजवळचा, असे दोन्ही व्यास धमनीच्या काटकोनात मोजून रिपोर्टमध्ये लिहून मागा. पहिला दुसऱ्याच्या दीडपट झाला तर तो फुगवटा धरतात. काही निघालं नाही तरी तीन ते पाच वर्षांनी पुन्हा. बाळाचा विचार असेल तर त्याआधी नक्की.

चालणं, पोहणं खुशाल, बीपी ताब्यात असलं की. दम कोंडून जड वजन उचलणं नको. आवाज अचानक बसला, पाठीत नवीन दुखणं आलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलात न्या.

रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडीही मागून घ्या. पुढच्या वेळी मापं त्याच जागी ताडून बघता येतात.

तुमचा,
बाळू