दुधाचाही हिशेब मांडायला हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वीगन आहार (ज्यात मांसाबरोबर दूधही वर्ज्य असते) आणि पशुपालनाचा पर्यावरणावर होणारा परिणाम यांविषयी अलीकडे बरेच छापून येते. परंतु हा प्रश्न परदेशातल्या गोमांस खाणाऱ्यांचा आहे, असे समजून आपल्याकडचा शाकाहारी वाचक पान उलटतो. श्रावणात मांसाहार सोडला की आपल्या ताटाचा पर्यावरणाला काही उपद्रव राहत नाही, अशी आमच्या सोसायटीतल्या बहुतेकांची समजूत आहे आणि त्याच महिन्यात घरोघरी खवा, पनीर, श्रीखंड एरवीपेक्षा जास्त येते. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि माझे माहेर दूध उत्पादकाचे आहे, म्हणून या पत्रात फक्त दुधाविषयी लिहिते.

गायी-म्हशींच्या पोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात तेव्हा मिथेन तयार होतो आणि त्यातला बहुतेक ढेकराबरोबर तोंडावाटे हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. मात्र तो हवेत साधारण १२ वर्षेच टिकतो, म्हणजे तो कमी केला तर त्याचा गुण आपल्या हयातीतच दिसेल. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गायी-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत, आणि आपल्या शेतीक्षेत्रातून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंत निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या पोटातल्या या मिथेनचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ११९ देशांतील सुमारे ३८ हजार शेतांच्या अभ्यासात एक लिटर गायीच्या दुधामागे सरासरी सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन आढळले. सोयाबीनच्या दुधामागे ते सुमारे १ किलो होते.

आपल्या नाशिक जिल्ह्यात मात्र मला हवेइतकीच पाण्याची काळजी वाटते. माझे माहेर सिन्नर तालुक्यात वावीच्या पुढे आहे. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे होते, तेव्हा बोअर आटलेले होते आणि टँकर आला की वहिनी पहिल्या बादल्या गोठ्यात नेत असे. ऊन तापले की दुभती एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन, भरपूर दूध देणारी विदेशी जात) गाय दिवसाला ८० लिटरांहून अधिक पाणी सहज पिते आणि भावाच्या दावणीला अशा सहा गायी आहेत. ग्रामीण भागात माणसाला नळाने द्यायच्या पाण्याचे सरकारी प्रमाण दरडोई दिवसाला ५५ लिटर आहे. तरीही पिण्याचे पाणी हा या हिशेबाचा लहानसा भाग झाला. खरे पाणी मुरते ते चाऱ्यात, कारण लसूणघास आणि नेपियर बारमाही ओलिताशिवाय उभे राहत नाही आणि मुरघासासाठी (हवाबंद साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी) मक्याचे आख्खे हिरवे शेत दाण्यासकट कापावे लागते. गोऱ्हा जन्मला तर त्याचे काय करायचे, हे कोणालाच कळत नाही. संकरित गोऱ्ह्याला धड वशिंड नसते, त्यामुळे मानेवर जू नीट बसत नाही. राज्याच्या २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तो कत्तलीसाठी विकताही येत नाही. चारा-पाणी तर त्यालाही लागतेच.

यात मी माझ्या भावाला दोष देत नाही. कांद्याचा भाव पडला तरी दर दहा दिवसांनी हातात येणाऱ्या दुधाच्या पगारावर त्याच्या मुलांची फी भरली जाते, आणि शहरात बसून त्याला गायी विकायला सांगण्याचा मला अधिकार नाही. माझे म्हणणे शहरातल्या आम्हा ग्राहकांविषयी आहे आणि एकामागून एक गायी वाढवायलाच उत्तेजन देणाऱ्या कर्ज-अनुदानांविषयी आहे. गोबरगॅस बांधला की सगळे भागले, असेही सांगितले जाते. तो जरूर बांधावा. परंतु त्याने शेणाची सोय होते, तोंडावाटे जाणारा मिथेन तसाच राहतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात चरणारी डांगी गाय माणसाला न खाता येणाऱ्या गवतावर जगते, तिच्यासाठी विहीर उपसावी लागत नाही, हे मला मान्य आहे. पण तिचे दूध थोडे, त्यामुळे दर लिटरमागे मिथेन जास्त पडतो. देशी गायीकडे वळल्याने शहराची आजची दुधाची मागणी भागणार नाही. मागणीच कमी करावी लागेल.

मी दोन वर्षांपूर्वी घरी दूध घेणे थांबवले. चहा कोरा घेते, कढीऐवजी कुळथाचे पिठले करते, नाचणी आणि तीळ रोजच्या जेवणात असतात. बी-१२ मात्र वनस्पतींतून मिळत नसल्याने त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घेते. सगळ्यांना हे जमणार नाही. पण दिवसाकाठी एक लिटर घेणाऱ्या घराला अर्ध्या लिटरवर येणे अवघड नाही.

आपल्या दैनिकात दुधाच्या दराची बातमी नेमाने येते. तिच्याच शेजारी सिन्नर, येवला, चांदवडमधल्या टँकरची संख्या आणि त्या तालुक्यांत ओलिताच्या चाऱ्याखाली असलेले क्षेत्रही उन्हाळाभर छापावे, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक